बैठकीचे दुखणे आणि चंक्रमणाचे औषध

(दीर्घकाळ बसून वा पडून राहिल्याने खुब्याच्या स्नायूंवर होणारे परिणाम)

धम्मपदात आरोग्याला सर्व लाभांमध्ये श्रेष्ठ स्थान दिले आहे. स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण या विषयांवरील लेख असतातच. त्यांच्या जोडीने शरीराचा एक साधा प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. तासन्‌तास एका जागी बसल्याने, किंवा आजारपणात अनेक दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने आपल्या खुब्याच्या स्नायूंचे काय होते, आणि ते होऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल, एवढाच हा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. परंतु बावडा व इंदापूर परिसरातील आपल्या किती घरांशी तो निगडित आहे हे पाहा. एका घरातील मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसते ती रात्रीच उठते. दुसऱ्या घरात कोणी शिलाई मशीनवर, कोणी एस.टी.च्या किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर, कोणी बँकेच्या वा साखर कारखान्याच्या कचेरीतील टेबलापाशी दिवस काढतो. तिसऱ्या घरातील आजी पडल्यापासून कॉटवरून उठलेली नाही. वयाने, कामाने ही माणसे वेगवेगळी. पण तिघांच्याही दुखण्याचे एक मूळ कमरेखाली, खुब्यात आहे.

खुर्ची आपण मिळवली आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शरीराला विश्रांती माहीत नव्हती. वतनाची कामे, गावोगाव सांगावा पोचवणे, लाकडे फोडणे, मेलेली गुरे ओढणे, वेठबिगार, यांत त्यांचे आयुष्य गेले. गावच्या चावडीत खुर्चीवर बसणे तर सोडाच, ओट्यावर बसण्याचीही त्यांना मुभा नव्हती. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. बाबासाहेबांनी दाखविलेल्या वाटेने पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली. "आमचं पोरगं हापिसात खुर्चीवर बसतं," हे वाक्य आपल्या आयाबायांनी किती अभिमानाने उच्चारले असेल, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना यावी म्हणून हे येथे नमूद केले.

म्हणून बसण्याविरुद्ध लिहीत असताना आम्ही खुर्चीचे मोल कमी करीत आहोत असे कोणीही समजू नये. बसून केलेल्या अभ्यासानेच आपला समाज उभा राहिला. ज्या शरीराने ही खुर्ची मिळवली, ते शरीर टिकले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खुबा आणि त्याचे स्नायू

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसलेले असते. हा सांधा म्हणजे खुबा. उखळात मुसळ फिरावे तसा पाय या सांध्यात पुढे, मागे, बाजूला व गोलाकार फिरू शकतो. हा सांधा फिरवणारे आणि सावरून धरणारे स्नायू सोयीसाठी तीन गटांत पाहू.

पहिला गट पुढचा. यातील मुख्य स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो, पोटाच्या आतून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला आतल्या बाजूने चिकटतो. डॉक्टर त्याला सोआस म्हणतात. गुडघा पोटाकडे उचलणे, जिना चढताना पाय वर घेणे हे त्याचे काम.

दुसरा गट मागचा. ज्यावर आपण बसतो तो मोठा नितंबस्नायू, म्हणजे ग्लुटियस मॅक्झिमस, हा शरीरातील सर्वांत मोठा स्नायू होय. उकिडवे बसलेला माणूस उठतो, चढ चढतो, धावतो, डोक्यावर भारा घेऊन उभा राहतो, ते याच्या जोरावर. माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला त्यात या स्नायूचा वाटा मोठा आहे.

तिसरा गट बाजूचा. यातील मधला नितंबस्नायू खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असतो. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपले सगळे वजन एकाच पायावर येते. त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून हा स्नायू तिला ओढून धरतो. या ओढीमुळे साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. हा स्नायू दुबळा झाला की माणूस झुलत चालतो. फ्रिडरिक ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली ही खूण नोंदवली. आजही डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभे करून त्याच्याच नावाने ती चाचणी घेतात.

न वापरलेला स्नायू का झिजतो?

शरीर मोठे हिशेबी आहे. स्नायू पोसायला अन्न लागते, रक्त लागते. ज्या स्नायूला काम नाही त्याच्यावर शरीर खर्च करीत नाही. स्नायूतील प्रथिने रोज थोडी मोडतात व रोज थोडी नव्याने घडतात. काम थांबले की नवीन घडणे मंदावते, मोडणे मात्र चालू राहते, आणि स्नायू बारीक होत जातो. ज्यांचा हातपाय प्लास्टरमध्ये होता त्यांनी प्लास्टर काढल्यावर हे डोळ्यांनी पाहिले असेल.

हे किती लवकर घडते, हे दाखवणारा एक प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झाला. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पूर्ण विश्रांती दिली. एवढ्या काळात जोराच्या श्रमात प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. पुढे तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली होती, त्यापेक्षा जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी कमी केली होती.

वयस्कर माणसांचे नुकसान याहून झपाट्याने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवले. त्या १० दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार कमी झाला. खाणेपिणे व्यवस्थित असतानाही ही झीज झाली, हे लक्षात घ्यावे.

स्नायूपाठोपाठ हाडही झिजते. अवकाशात शरीराला वजनच जाणवत नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का कमी होते. एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात गेलेले आपले राकेश शर्मा यांनी तेथे योगासनांचा प्रयोग केला होता, तो वजनरहित अवस्थेत शरीर कसे राखावे हे पाहण्यासाठीच. अंतराळातील माणूस आणि कॉटवर पडून असलेली आजी, दोघांच्याही खुब्यावरचा भार गेलेला असतो.

नुसत्या बसण्याने काय होते?

बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. जो दिवसभर बसतो पण ये-जा करतो, त्याची झीज त्या गतीने होत नाही. तथापि बसण्याचे परिणाम वेगळ्या वाटेने येतात.

बसल्यावर खुबा वाकलेला असतो, म्हणून पुढचा स्नायू आखूड अवस्थेत राहतो. मागचा मोठा स्नायू ताणलेला व दबलेला असतो आणि त्याला काम जवळजवळ नसते. रोज दहा-बारा तास, वर्षानुवर्षे असेच चालले तर पुढचा स्नायू आखडतो व मागचा दुर्बळ होतो. १९७२ साली शास्त्रज्ञांनी मांजराच्या पोटरीचा स्नायू आखूड अवस्थेत प्लास्टरमध्ये बांधून ठेवला, तेव्हा त्याच्या धाग्यांतील एकापुढे एक जोडलेले घटक सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. प्लास्टर काढल्यावर ते पुन्हा भरून आले. अर्थात, स्नायू ज्या लांबीत राहतो त्या लांबीला जुळवून घेतो, आणि संधी दिली तर पूर्ववत होतो. माणूस काही प्लास्टरमध्ये बांधलेला नसतो, पण दिशा तीच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका पाहणीत जास्त वेळ बसणाऱ्या व व्यायाम न करणाऱ्या लोकांचा पाय खुब्यातून मागे जाण्याचा पल्ला, कमी बसणाऱ्या व व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ६ अंशांनी कमी आढळला.

सहा अंश म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. पण धावताना पाय जितका मागे जातो तितका पुढे रेटा मिळतो. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. वर्षभर अभ्यासिकेत बसलेला विद्यार्थी मैदानी चाचणीला महिना राहिला असता एकदम धावू लागतो आणि मांडीचा मागचा स्नायू किंवा जांघ दुखावून घरी बसतो. त्याच्या जिद्दीत काही कमी नसते. ज्या स्नायूने रेटा द्यायचा तो तयार नसल्याने त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या स्नायूंवर जातो. काहींची कंबरही याच कारणाने धरते.

आजकाल काही जण सांगतात, की बसून बसून नितंबाचे स्नायू आपले काम विसरतात. हे बोलण्यापुरते ठीक आहे. स्नायू काहीही विसरत नाहीत. त्यांना काम दिले की ते करू लागतात, फक्त अशक्त झालेले असतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

बसण्याचा परिणाम खुब्यापुरता थांबत नाही. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हर दिवसभर बसून असत, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करीत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर काम करणाऱ्या दोघांत फरक होता तो मुख्यतः बसण्याचा आणि हालचालीचा.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपल्या भागातील सर्वांनाच हे लागू नाही. जी भगिनी दिवसभर उसाच्या फडात वाकून मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, तिच्या खुब्याचे दुखणे अतिश्रमाचे असते. तिला व्यायाम नको, विश्रांती आणि पोषण हवे. दुखणे एकाच जागी असले तरी उपाय माणूस पाहून ठरवावा लागतो.

तथागतांची शिकवण : चार इरियापथ

आपल्या वाचकांना आनंद वाटेल अशी गोष्ट ही, की या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे. सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या चार अवस्थांकडे सजगतेने पाहण्यास सांगितले आहे. चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे, यांना इरियापथ म्हणतात. ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणे एवढेच नाही, चारही अवस्थांत स्मृती जागी ठेवता येते, असा त्याचा आशय. आपल्या दिवसाचा हिशेब मांडला तर या चारांपैकी बसणे आणि निजणे या दोघांनीच तो व्यापलेला दिसेल.

सजगतेने येरझारा घालणे म्हणजे चंक्रमण. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. चंक्रमण करणारा दूरच्या प्रवासास समर्थ होतो, प्रयत्नास समर्थ होतो, त्याचे आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना मिळवलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यातील पहिले चार लाभ शरीराशी व श्रमाशी निगडित आहेत, हे पाहण्यासारखे आहे. संबोधीनंतरच्या आठवड्यांत भगवंतांनी जेथे चंक्रमण केले असे मानले जाते ती जागा बोधगयेस महाबोधी महाविहाराच्या उत्तरेकडील बाजूस आजही दाखवतात.

बसून पाठ दुखते, हे भगवंतांनीही लपवून ठेवले नाही. मज्झिम निकायातील सेख सुत्तात कपिलवस्तूचा प्रसंग आहे. शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर त्यांनी पुढचा उपदेश आनंदाला करावयास सांगितला, आपली पाठ दुखत असून ती जरा टेकावयाची आहे असे म्हटले, आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. शरीराचे ऐकणे हा दुबळेपणा नव्हे, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

दुसऱ्या टोकाला सोण कोळिविसाची कथा आहे. सुखात वाढलेल्या या भिक्खूने इतके चंक्रमण केले, की त्याचे तळवे फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. भरतीच्या तोंडावर एकदम शेकडो बैठका मारणाऱ्या तरुणांनी ही कथा अवश्य ध्यानात ठेवावी.

१८ तास अभ्यास करावा, पण कसा?

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त राज्यातील अनेक महाविद्यालयांत, विद्यापीठांत व विहारांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. ज्या महापुरुषाने लंडनच्या ग्रंथालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत वाचन केले, त्याला याहून योग्य अभिवादन नाही. उत्तरायुष्यात बाबासाहेब मधुमेहाने व पायांच्या तीव्र वेदनांनी त्रस्त होते, हे सर्वांना माहीत आहे. ती मज्जातंतूंची व्याधी होती. तिचा संबंध उगाच वाचनाशी जोडू नये. परंतु त्यांच्या अनुयायांनी आपल्या प्रकृतीची काळजी घेतली पाहिजे, हे त्यातून निश्चित शिकता येते.

आमची सूचना अशी. या उपक्रमात दर तासाला घंटा व्हावी आणि सर्वांनी पाच मिनिटे उठून विहाराभोवती शांतपणे चंक्रमण करावे. वाचलेले मनात घोळवावे, हवे तर पाठांतर करावे. १८ तासांत असे १७ विराम येतात. त्यांची बेरीज ८५ मिनिटे. एकूण १०८० मिनिटांत हा वेळ आठ टक्क्यांहूनही कमी आहे. एवढ्या मोबदल्यात डोळ्यांवरची झापड जाते, पाय मोकळे होतात आणि उरलेला वेळ सत्कारणी लागतो. हाच नियम रोजच्या अभ्यासिकेतही पाळता येईल. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणणे एवढेही पुरे. बाटली लहान ठेवावी, म्हणजे वारंवार उठावे लागते.

जे इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा अन्यत्र दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास जाणार आहेत त्यांनाही दिवसाला सुमारे दहा तास बसावे लागते. सवय नसलेल्यांनी महिनाभर आधी मांडी घालून बसण्याचा व पुढे दिलेल्या व्यायामांचा सराव करावा. शिबिरातील मधल्या मोकळ्या वेळी पडून न राहता सावकाश चालावे.

जमिनीवर बसणे हा आपला ठेवा

आपल्याकडे मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, चुलीपुढे बसणे यांमुळे खुबा सर्व दिशांनी फिरत असे, आणि दिवसातून अनेकदा जमिनीवरून उठावे लागे. टांझानियातील हाड्झा या शिकारी जमातीची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. ते लोकही दिवसाचे सुमारे दहा तास बसून किंवा विसावूनच असतात. परंतु पुष्कळदा उकिडवे बसतात, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू काम करीत राहतात.

ब्राझीलमधील डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना हाताचा आधार शक्यतो न घेता जमिनीवर बसून उठण्यास सांगितले व पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. ज्यांना हे सहज जमले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी होते. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बसून-उठल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. ज्याचे पाय, खुबा व तोल शाबूत आहे त्याची एकूण प्रकृती चांगली असते, असा तो अर्थ. विहारात वंदनेसाठी जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम करणे, पुन्हा उठणे ही सवय म्हणूनच सोडू नये. गुडघे फारच दुखत असतील तर खुर्ची अवश्य घ्यावी, पण केवळ सोय म्हणून घेऊ नये.

घरातील वृद्धांसाठी

आपल्या घरात वडीलधाऱ्यांविषयी माया असते. आजी आजारातून उठली की सगळे म्हणतात, "तू उठू नको, आम्ही हाताखाली देतो." ही माया समजण्यासारखी आहे, पण तिने आजीचे पाय जातात. पाय गेले की तोल जातो, तोल गेला की ती मोरीत पडते, खुब्याचे हाड मोडते आणि कायमची कॉट लागते. खुब्याचे हाड मोडल्यास पूर्वी वजन लावून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत. आता शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला आधाराने उभे करतात. आधुनिक वैद्यकाचाही कल लवकर उठवण्याकडे आहे, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर वृद्धांना जेवायला कॉटवरून उठवून बसवावे, दिवसातून तीन-चार वेळा आधाराने उभे करावे, अंगणापर्यंत चालवावे. उठताच येत नसेल त्यांनी पडल्या पडल्या टाच ओढून गुडघा वाकवणे, नितंब आवळून पाच मोजेपर्यंत धरणे असे करावे. सोबत डाळ, उसळ, दूध, अंडी असे प्रथिनयुक्त अन्न द्यावे.

आता या वयात काय उपयोग, असे म्हणू नये. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतही स्नायू काम मागत असतो.

घरच्या घरी तपासणी आणि व्यायाम

दोन सोप्या तपासण्या सांगतो. कॉटच्या कडेशी बसून मागे पाठीवर आडवे व्हावे आणि एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरावा. दुसरी मांडी अंथरुणाला टेकलेली राहिली तर ठीक. ती आपोआप वर उचलली गेली तर तिच्या पुढचा स्नायू आखडला आहे असे समजावे. दुसरी तपासणी आरशासमोर. एका पायावर उभे राहावे. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली तर उभ्या पायाचा बाजूचा स्नायू दुबळा आहे.

व्यायाम पुढीलप्रमाणे. त्यांना एकूण १५ मिनिटे पुरतात, साधन काही लागत नाही.

१) एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे ठेवावा. पाठ ताठ ठेवून कंबर हळूहळू पुढे न्यावी. मागच्या पायाच्या जांघेत ताण जाणवतो. ३० सेकंद थांबावे. दोन्ही बाजूंनी दोन-तीनदा.

२) पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर. नितंब आवळून कंबर उचलावी, पाच मोजावेत, सावकाश खाली यावे. १० वेळा.

३) कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा व सावकाश खाली आणावा. प्रत्येक बाजूला १० वेळा.

४) हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे व बसावे. १० वेळा. वृद्धांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी.

५) भिंतीजवळ एका पायावर १० ते ३० सेकंद उभे राहावे. दोन्ही पायांनी.

पहिला आठवडा थोडके करावे, मग वाढवावे. याखेरीज चालणे आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि बसण्याच्या वेळेत घट असे सुचवले आहे. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणे. मात्र सकाळी अर्धा तास चालून मग दिवसभर हलायचेच नाही, असे करू नये. मधून मधून उठणे हे वेगळे व तितकेच आवश्यक आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खुब्याचे प्रत्येक दुखणे बसण्याने होत नाही. पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, जांघेत खोल दुखून रात्री झोप लागत नसेल, दुखण्याबरोबर ताप असेल, पायाला मुंग्या वा बधिरपणा येत असेल, लहान मूल लंगडत असेल, तर व्यायाम करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. सिकलसेलच्या आजारात, फार दिवस स्टिरॉइडची औषधे घेतल्याने किंवा अति मद्यपानाने खुब्याच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते कुजू शकते. सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भातील आपल्या समाजबांधवांमध्ये व आदिवासींमध्ये आढळतो. तिकडचे सोयरसंबंध असलेल्या कुटुंबांनी रक्ताची तपासणी जरूर करून घ्यावी. पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा दीर्घ आजारपणात, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

समारोप

सारांश असा, की खुब्याचे स्नायू वापराने टिकतात व न वापरल्याने जातात. गेलेले बहुतांशी परत मिळवता येतात, पण गमावण्यास दिवस लागतात आणि मिळवण्यास महिने. म्हणून विद्यार्थ्यांनी अभ्यास सोडू नये, अभ्यासाची बैठक मोडून मोडून करावी. नोकरदारांनी खुर्चीला चिकटून राहू नये. घरच्यांनी आजी-आजोबांना मायेने झोपवून ठेवू नये, मायेने उठवावे. आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी येत्या जयंतीच्या अभ्यास उपक्रमात तासाच्या घंटेची व्यवस्था केली, आणि दर रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे सामुदायिक चंक्रमण सुरू केले, तर या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.

चार इरियापथांपैकी एकातच अडकून न राहता चारही नीट सांभाळणे, हाही मध्यम मार्गच आहे. सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही मंगलकामना.

नमो बुद्धाय! जय भीम!